आधी अक्षता, मग शिक्का

लग्नाच्या घरी पहिला प्रश्न असायचा, मुलगी कुठली? आता असतो, रजा किती?

आमच्या खारेपाटणात तुळशीचं लग्न झालं की हंगाम सुरू होतो आणि मृग लागायच्या आत तो आटपावा लागतो. शुक नदी एकदा फुगली की पाणी थेट बाजारपेठेत शिरतं, दुकानदार माल माळ्यावर चढवतात, आणि मांडवाची गोष्ट कुणी काढत नाही. नदीची ही मुदत आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. आता तिच्या जोडीला दुसरी मुदत आली आहे, परदेशातल्या नोकरीवर हजर होण्याची. नदी एखाद वर्षी आठवडाभर थांबते. ही तारीख थांबत नाही.

यंदा आमच्या वाडीतल्या एका घरात या दोन्ही मुदती एकदम आल्या. मुलाला कतारमध्ये, दोह्यात नोकरी लागली. पत्र फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात हातात पडलं, हजर व्हायचं जूनच्या पहिल्या आठवड्यात. मुलगी वैभववाडीकडची, कणकवलीत नर्स. साखरपुडा दिवाळीनंतर झालेला. तिकडे दोघांनी नोकरी करायची हे त्यांचं आधीच ठरलेलं. तिच्या कागदपत्रांची डेटाफ्लोची पडताळणी सुरू होती आणि ड्युटी संपवून ती तिकडच्या परवान्यासाठीच्या प्रोमेट्रिक परीक्षेचा अभ्यास करत होती.

पडवीत बैठक बसली. शेजारी म्हणून मीही होतो. हॉलची चौकशी झालेली होती. मनासारखी तारीख मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याशिवाय नाही. लग्नानंतर दाखला, दाखल्यावर शिक्के, मग मुलीचा व्हिसा. एवढं सगळं जूनच्या आत कसं बसायचं? मुंबईहून आलेल्या मामांनी तोडगा काढला.

"दाखलो आत्ताच काढून टाकूया. माझ्या वळखीचो एक एजंट आसा, तीन दिवसांत देता. व्हिसाचा काम चालू होयत. लगीन काय, मे म्हयन्यात सावकाश करू."

चार-पाच माना हलल्या. मुलीची आई तोवर गप्प होती. ती म्हणाली, "दाखल्यार लगीन झाला आणि मे म्हयन्यात तुमी नाय म्हटलात, तर माझ्या चेडवाचा काय? ता लग्नाचा की बिनलग्नाचा?"

पडवीत कुणाकडे उत्तर नव्हतं. मामा मनाने वाईट नाहीत, भाचा मार्गी लागावा एवढीच त्यांची इच्छा. पण तो एजंट नेमका याच इच्छेवर जगतो. आणि बाईंनी विचारलेला प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयातही उभा राहिलेला आहे.

एप्रिल २०२४. न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि न्यायमूर्ती ऑगस्टीन जॉर्ज मसीह यांच्यासमोर एक जोडपं. दोघंही प्रशिक्षित वैमानिक. मार्च २०२१ मध्ये साखरपुडा झाला. जुलैत एका संस्थेकडून विवाह झाल्याचा दाखला घेतला, त्या दाखल्यावर उत्तर प्रदेशात सरकारी नोंदणी करून घेतली, आणि विधीपूर्वक लग्न ठरवलं ऑक्टोबर २०२२ मध्ये. मधल्या काळात बिनसलं. पोलीस तक्रार झाली, घटस्फोटाचा अर्ज झाला, हे कोर्ट की ते कोर्ट यावर वाद झाला. शेवटी दोघांनी मिळूनच न्यायालयाला सांगितलं की आमचं लग्न लागलेलंच नाही. न्यायालयाने ते मान्य केलं आणि दाखला व नोंदणी दोन्ही रद्दबातल ठरवली.

हिंदू विवाह कायदा १९५५ सालचा आहे. त्याच्या कलम ७ मध्ये विधी आहे, कलम ८ मध्ये नोंदणी. नोंदणी म्हणजे झालेल्या लग्नाचा पुरावा. लग्नच लागलं नसेल तर तो पुरावा कशाचा? त्याच निकालात न्यायमूर्तींनी परदेशच्या व्हिसाचाही उल्लेख केला आहे. वेळ वाचावा म्हणून मुलामुलींचे आई-वडील आधी नोंदणीला तयार होतात, समारंभ पुढे ढकलतात, आणि ही प्रथा निंद्य आहे, असं त्यांनी लिहून ठेवलं. मामांच्या तोडग्यात नाव, गाव आणि तारीख तेवढी वेगळी, गोष्ट तीच.

आता तो तोडगा आमच्या मुलीच्या बाजूने पाहा. फेब्रुवारीत दाखला निघाला. एप्रिलमध्ये मुलाचं मन फिरलं, किंवा तिचं फिरलं. सरकारदरबारी ती विवाहित. दुसरीकडे लग्न ठरवायचं तर हा कागद आधी मोडायला हवा. एरवी लग्नाला वर्ष होईपर्यंत घटस्फोटाचा अर्जसुद्धा करता येत नाही, अपवादात्मक हालअपेष्टा दाखवून कोर्टाची परवानगी मिळवली तर गोष्ट वेगळी. ते कलम १४. आणि लग्न लागलंच नव्हतं असं म्हणायचं तर तेही कोर्टात जाऊन सिद्ध करायचं. अंगाला हळद लागलेली नाही, गळ्यात मंगळसूत्र नाही, आणि तारखा मात्र पडू लागल्या. मुलाचंही हेच. पण तो दोह्यात असेल. कोर्टाच्या पायऱ्या कोण चढेल, हे वाडीतल्या कुठल्याही बाईला विचारा.

शिवाय व्हिसाच्या अर्जात कुठे लग्नाची तारीख विचारतात, कुठे फोटो मागतात. तारीख फेब्रुवारीची लिहायची आणि हळदीचे फोटो मे महिन्याचे जोडायचे? परक्या देशाच्या दारात उभं राहून पहिलंच वाक्य खोटं बोलायचं, आणि पुढे तिथे वीस वर्षं काढायची.

मग वेळेचं काय? मी पडवीत बसल्या बसल्या हिशेब केला, आणि तो प्रत्येक लग्नघराने करावा. कलम ७ काय मागतं? वर आणि वधू यांपैकी एका पक्षाच्या रूढीप्रमाणे विधी. त्या रूढीत सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण आणि बंधनकारक. एवढंच. त्यात हॉल नाही, सहाशे पानं नाहीत, डोक्यावर घोंघावणारा ड्रोन नाही, समुद्रकाठी आधीच काढून ठेवलेली चित्रफीत नाही. देवक ठेवायला, हळद लावायला, कालभैरवाला गाऱ्हाणं घालायला आणि अक्षता टाकायला दीड दिवस पुरतो. वेळ खातो तो हॉल. जेवणावळीसाठी लग्न मे महिन्यात ढकललं जातं, आणि त्या ढकललेल्या दिवसांची भरपाई खोट्या दाखल्याने केली जाते. सगळ्या घाईचं मूळ मला इथे दिसतं. दोह्याच्या कंपनीला दोष देऊन उपयोग नाही. तिने चार महिने दिले होते.

छोटं लग्न म्हणजे कमी प्रतीचं लग्न, हा समज कधी आपल्यात शिरला कोण जाणे. २५ डिसेंबर १८७३ रोजी जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने पहिलं सत्यशोधक लग्न लावलं, पुरोहितावाचून आणि थोडक्या खर्चात. दीडशे वर्षं झाली. त्या वधूवरांचं लग्न मोठ्या मांडवातल्या लग्नापेक्षा तसूभरही कमी नव्हतं.

एका ठिकाणी मात्र घाई खरोखर चालत नाही. मुलगा एका धर्माचा, मुलगी दुसऱ्या, आणि कुणीच धर्म बदलणार नाही, तर वाट १९५४ च्या विशेष विवाह कायद्याची. दोघांपैकी एकाने नोटिशीआधी निदान तीस दिवस त्या जिल्ह्यात राहिलेलं हवं. मग नोटीस लागते, हरकतींसाठी तीस दिवस थांबावं लागतं, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर नोटीस पुन्हा पहिल्यापासून. तीन आठवड्यांची रजा घेऊन आलेल्या माणसाचं हे लग्न एकाच खेपेत लागणं अवघडच. अशा जोडप्यांनी तिकीट काढण्याआधी विवाह अधिकाऱ्याचं दार गाठावं. त्या तीस दिवसांच्या नोटिशीने कित्येक जोडप्यांना घरच्यांच्या धाकात ढकललं आहे. ती अट जावी असं माझं स्पष्ट मत आहे. पण आज ती आहे, आणि तिला वळसा घालून देतो म्हणणारा एजंट फसवतो आहे.

बाकीच्यांना नोंदणी दाराशी आहे. महाराष्ट्रात १९९८ सालचा विवाह नोंदणीचा कायदा आहे. त्याप्रमाणे गावात विवाह निबंधक म्हणजे ग्रामसेवक. आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. लग्न झाल्यापासून नव्वद दिवसांत नवरा-बायकोने स्वतः जाऊन विवाहाचं ज्ञापन द्यायचं. तीन साक्षीदार, लग्न लावणाऱ्याची सही, वयाचा आणि पत्त्याचा पुरावा, पत्रिका, फोटो. यासाठी मुंबईतला एजंट कशाला? बाजारपेठेतून चालत जाण्याएवढं हे काम.

कागदाचं मोल तर खारेपाटणला नव्याने सांगायला नको. आमच्या गावात सापडलेले शिलाहारांचे ताम्रपट इतिहासाच्या पुस्तकांत आहेत. रट्टराजाचा शके ९३० चा, म्हणजे इसवी सन १००८ चा. अनंतदेवाचा शके १०१६ चा, म्हणजे अकराव्या शतकाच्या अखेरचा; त्यात दोन अमात्यांच्या जहाजांना ठाणे, सोपारा, चौल अशा बंदरांत जकात माफ केल्याची नोंद आहे. म्हणजे समुद्रापलीकडचा व्यवहार आणि त्याचा लेखी पुरावा, दोन्ही खारेपाटणच्या खाडीला हजार वर्षांपासून माहीत. पण राजाने आधी दिलं आणि मग तांब्यावर कोरून घेतलं. न दिलेल्या दानाचा पत्रा कुणी कोरला नाही.

दाखला मिळाल्यावरची खरी धावपळ शिक्क्यांची, आणि वेळ राखून ठेवायचा तो तिच्यासाठी. भारत हेगच्या अपोस्टिल करारात २००५ पासून आहे. करारातल्या देशात जायचं असेल तर राज्याचं साक्षांकन आणि त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल एवढ्यावर भागतं. कॅनडा या करारात जानेवारी २०२४ मध्ये आला. कतार आणि कुवेत करारात नाहीत, म्हणून तिथे मंत्रालयांच्या शिक्क्यांनंतर त्या देशाच्या वकिलातीचा शिक्काही लागतो. आमच्या मुलीच्या नर्सिंगच्या प्रमाणपत्रांनाही हीच वाट. दोन्ही गठ्ठे एकाच वेळी पाठवले तर दिवस वाचतात, आणि ते सरळ मार्गाने वाचतात.

आणि नाव. आपल्याकडे ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवं नाव लिहितात. हौस असेल तर लिहावं. पण ज्ञापनावर, दाखल्यावर आणि तिकिटावर नाव पासपोर्टातलंच हवं, अक्षर न अक्षर तेच. लग्नानंतर बाईने नाव किंवा आडनाव बदललंच पाहिजे असा कुठलाही कायदा नाही. डिसेंबर २०१६ पासून पासपोर्टच्या अर्जाला विवाहाचा दाखला जोडण्याची सक्तीही राहिलेली नाही. तिच्या दहावीच्या, नर्सिंगच्या, नोंदणीच्या प्रत्येक कागदावर एक नाव आणि विवाहाच्या दाखल्यावर दुसरं, असं झालं की पडताळणी अडकते, आणि प्रतिज्ञापत्रं करत ती एकटी फिरते.

ही घाई दोह्यापुरती नाही. ब्रिटन-कॅनडाला शिकायला निघालेल्या मुलांच्या घरीही हेच ऐकू येतं, की लग्न लावून टाकू, दोघं एकदम जातील. जातील की नाही हे आधी पाहा. ब्रिटनने जानेवारी २०२४ पासून संशोधनाचे अभ्यासक्रम वगळता बहुतेक विद्यार्थ्यांना जोडीदार सोबत आणणं बंद केलं. त्याच मार्चपासून केअर वर्करच्या नोकरीवर नव्याने जाणाऱ्यांवरही तीच बंदी आली. एप्रिलमध्ये, तिथे स्थायिक असलेल्याने जोडीदाराला बोलावण्यासाठीची उत्पन्नाची अट वर्षाला १८,६०० पौंडांवरून २९,००० वर गेली. कॅनडाने जानेवारी २०२५ पासून विद्यार्थ्याच्या जोडीदाराचा खुला कामाचा परवाना आखडता घेतला. साधारणपणे सोळा महिने किंवा त्याहून मोठा पदव्युत्तर अभ्यासक्रम असेल तरच तो मिळतो. परवान्याच्या भरवशावर लावलेलं लग्न परवाना बदलला की तुटायला येतं. लग्न माणसासाठी करावं. व्हिसाचा नियम दर वर्षी फिरतो.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसलो ती.

घाईच्या लग्नात सगळं तपासलं जातं; मुलाची मात्र तपासणी राहते. पगाराचा आकडा ऐकला की मुलीचा बाप पुढचं विचारत नाही. विचारणं म्हणजे अविश्वास, असं त्याला वाटतं. परदेशात राहणाऱ्या नवऱ्यांनी टाकून दिलेल्या बायकांचा प्रश्न एवढा वाढला की राष्ट्रीय महिला आयोगाला अनिवासी भारतीय विवाहांसाठी वेगळा कक्ष चालवावा लागतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये राज्यसभेत अशा विवाहांच्या सक्तीच्या नोंदणीचं विधेयक मांडलं गेलं, तीस दिवसांच्या मुदतीचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने २८७ वा अहवाल दिला, त्यातही सर्वंकष कायदा करा आणि नोंदणी सक्तीची करा हेच सांगितलं. कायदा अजून झालेला नाही. म्हणून जपायचं ते आपणच.

मी मुलीच्या वडिलांना सगळ्यांसमोर सांगितलं. मुलाचं नोकरीचं पत्र, पासपोर्टची प्रत, व्हिसाची प्रत, तिकडच्या राहत्या जागेचा पत्ता, हे मागून घ्या आणि फाईलला लावा. मुलगा चांगला आहे, मी त्याला लहानपणापासून ओळखतो, आणि म्हणूनच तो हे खुशीने देईल. मुलीचा पासपोर्ट विमानतळावरही आणि नंतरही तिच्याकडेच राहील. तिचं बँकेचं खातं तिच्या एकटीच्या नावाचं. अंगावरच्या दागिन्यांची यादी दोन्ही घरच्या सहीने. परराष्ट्र मंत्रालयाचं मदद नावाचं पोर्टल २०१५ पासून आहे. तिथे तक्रार कशी करायची ते जाण्याआधी तिने पाहून ठेवावं. मामांना हे रुचलं नाही. "लग्नाच्या घरात ह्या कसला बोलना?" म्हणाले. लग्नाच्या घरातच हे बोलायचं असतं. नंतर बोलायला दोन्ही घरं एका पडवीत बसत नाहीत.

मुलाने आत जाऊन फाईल आणली. एक शब्द न बोलता प्रती काढून सासऱ्यांच्या हातात दिल्या. मला त्या क्षणी त्याचा फार अभिमान वाटला.

मग मुलगी बोलली. इतका वेळ तिला कुणी विचारलंच नव्हतं, याची मला आजही लाज वाटते. ती म्हणाली, "लगीन शिमगो झालो की करूया. आमच्या दारात. जेवाण मे म्हयन्यात घाला, चाकरमानी येतीत तेव्हा."

एवढं साधं होतं. आधी लग्न, मग जेवण. आम्ही सगळे मोठे उलट्या क्रमाने डोकं फोडत बसलो होतो.

शिमगा आटपला, पालखी देवळात बसली, आणि पुढच्या रविवारी सकाळी तिच्या दारात माटव उभा राहिला. नव्वदेक माणसं. कुठल्याही मोठ्या लग्नात असतं ते सगळं होतं; करवली होती, ओटी होती, आईचे डोळे भरले होते. जेवायला भात, डाळ, काळ्या वाटाण्याची उसळ, वडे, सोलकढी. पाचव्या दिवशी दोघं तीन साक्षीदारांना घेऊन खारेपाटणच्या ग्रामपंचायतीत गेली. दाखला हातात आल्यावर दोन्ही गठ्ठे एकत्र शिक्क्यांना गेले. मुलगा जूनमध्ये ठरल्या तारखेला गोव्याच्या मोपा विमानतळावरून निघाला. तिची परीक्षा झाली आहे. निकाल लागला की ती जाईल, स्वतःच्या नोकरीवर, पासपोर्ट स्वतःच्या पर्समध्ये ठेवून.

तुमच्या घरी असं लग्न ठरलं असेल तर हॉलला फोन करण्याआधी दोन कामं करा. मुलीला विचारा, तिला कधी आणि कसं हवं आहे. आणि ग्रामपंचायतीत जाऊन विवाह ज्ञापनाचा कोरा नमुना घेऊन या. तो आजच आणा, पण भरायचा अक्षता पडल्यावर.